बारकी गाठ

आई, तुझ्या ऑपरेशनबद्दल तू मला एकदाच विचारलंस आणि मी खोटं बोलले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते. छातीत गाठ लागली म्हणून बाबांनी तुला नागपुरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. "बारकी गाठ आहे. आठ दिवसांत शाळेत शिकवायले जाशील," ते म्हणाले. तू शुद्धीवर आलीस तेव्हा उजवी बाजू सपाट झालेली आणि हात उचलत नव्हता. बाबा औषधं आणायला गेले, तसं तू मला जवळ बोलावलंस. "खरं सांग वं, तुह्या बाबाले आधीच माहीत होतं का?"

"मले नाही माहीत."

माहीत होतं. गाठ वाईट निघाली तर सगळंच काढावं लागेल, असं डॉक्टर व्हरांड्यात सांगत होते तेव्हा मी बाबांना खेटूनच उभी होते. बाबांनी सही केली. "आईले सांगू नको, उगाच घाबरन," एवढंच म्हणाले.

पुढे तू बारा वर्षं जगलीस, पण आम्हा दोघांवर विश्वास ठेवला नाहीस. बाबा आणि मी अंगणात बोलायला लागलो की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबायचा. बाटलीवरचं नाव स्वतः वाचल्याशिवाय तू औषधाचा घोट घेत नव्हतीस.

आता मलाही गाठ निघाली आहे. एमआरआयसाठी मला पालथं झोपवलं, शिरेतून औषध सोडलं, यंत्र कानाशी ठोकत राहिलं. मग डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं, गाठ कुठवर आहे, कातडीपासून किती लांब, स्नायूपासून किती. "एवढाच भाग काढायचा, काकू." शेजारी आणखी एक ठिपका चमकत होता.

"हे काय होय?"

"बहुतेक काही नाही. पण एमआरआयमध्ये कधीकधी साधंही वाईट दिसतं. सुईनं तपासू, मग ठरवू."

मला वाटलं, बाई काहीतरी लपवून राहिली. सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तेही तेच म्हणाले. सुईच्या तपासणीत ठिपका साधा निघाला, तो रिपोर्ट मी तीनदा वाचला. सहीच्या कागदावर, मला विचारल्याशिवाय जास्त काही काढणार नाही, असं लिहून घेतलं. बाई रागावल्या नाहीत.

तुझ्या वेळी दुसरा इलाज नसेलही. विचारलं असतं तर तू कदाचित हो म्हणाली असतीस. पण विचारायला हवं होतं.

सोमवारी ऑपरेशन आहे. आत्ता लेक दारात येऊन उभी राहिली. "काय लिहून राहिली वं आई?"

"किराण्याची यादी," मी म्हटलं आणि कागद उशीखाली सरकवला. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.