तापल्यावर सुई आठावर

३ फेब्रु. ९३
माझ्या हाताने केलेलं: घराच्या खिडक्यांचे गज. बेअरिंग ओढायचा तीन पायांचा पुलर. हिच्या शिलाई मशीनचं पायडल. आणि ८६ साली या गाडीचं इंजिन, शेवटच्या बोल्टपर्यंत, कुणाच्या वर्कशॉपची पायरी न चढता.
आज कर्नाळ्याची खिंड उतरलो, इंजिन तापलेलं, आणि ऑइल प्रेशरची सुई ८ पौंडांवर. नेहमी २५. सकाळी थंड असताना ४५ होती. गाडी दोन लाख कि.मी.च्या पुढे गेलेली, पण हे वयाचं नव्हे. या गाडीवर घर चालतं. तळोज्याच्या कारखान्यातल्या साहेबांची ने-आण, तीन वर्षं, एक खाडा नाही.

४ फेब्रु.
मीटर खोटा असेल म्हणून इस्माईलभाईंचा आणून जोडला. (लेथवाले. वीस वर्षांची ओळख.) त्यावर ९. म्हणजे खरंच. ऑइल पातळीला बरोबर. जाड ऑइल टाकून बघ म्हणाले. नाही टाकलं. तापकऱ्याला घोंगडी पांघरून ताप उतरत नाही.

७ फेब्रु., रवि.
दिवसभर गाडीखाली. चेंबर उतरवलं. जाळी स्वच्छ. पंपाच्या गिअरची फट हवी तेवढी. व्हॉल्व्हची स्प्रिंग शाबूत. हिने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट बाहेर आणून ठेवलं. "तिथेच अंथरूण घालू का?"
राहिली बेअरिंगं. शेल, म्हणजे आतल्या अर्धगोल वाट्या, काढले तर झिजून तांबं उघडं पडलेलं. बरं वाटलं. सापडलं.

१० फेब्रु.
नवे शेल बसवले. शिशाची तार बेअरिंगच्या कॅपखाली, म्हणजे झाकणाखाली, दाबून फट मोजली, माझी नेहमीची रीत. सगळीकडे २ थाऊ, इंचाचे दोन हजारांश. कंपनीतही यापेक्षा चोख बसवत नाहीत.

११ फेब्रु.
थंड ५०. उरण फाट्यापर्यंत जाऊन आलो. तापल्यावर १०.
इंजिन बंद करून गाडीतच बसून राहिलो.

१४ फेब्रु.
परत सगळं उघडलं. इस्माईलभाई मायक्रोमीटर घेऊन स्वतः आले. मी तार वरखाली दाबली होती, त्यांनी आडवं मोजलं. वरखाली २, आडवं ७. बेअरिंगचं भोक गोल नाही, अंड्यासारखं. ऑइल बाजूने निसटतंय. तार हे दाखवणार कशी?
"कॅप किसने घिसी?" विचारलं, पण त्यांना ठाऊक होतं.
८६ला शेल मिळत नव्हते. ढिलाई काढायला काचेवर पॉलिश पेपर ठेवून मीच घासल्या. बघायला माणसं उभी होती. त्यांत इस्माईलभाईही.
म्हणाले, "हात साफ होता, भाई. म्हणून सात वर्षं निघाली." समजूत घालत होते. न घालते तर बरं.
तेव्हाही तारेनेच मोजलं होतं. फक्त वरखाली.

१७ फेब्रु.
ब्लॉकमधल्या मोठ्या बेअरिंगांच्या कॅपही तशाच निघाल्या. मुंबईत भोक पुन्हा गोल बोअर करून देतात, पण कॅपमध्ये घासायला धातू उरलेला नाही. मीच ठेवला नाही. कुर्ल्याहून जुनं इंजिन आणावं, तर त्याच्या पोटात कोणी काय घासलंय, कोण सांगणार?
कारखान्यातून निरोप: एक तारखेपासून जीप लावतोय. हिला सांगितलं. तांदूळ निवडत होती. म्हणाली, दुरुस्त होतेय असं कळवा ना. म्हटलं, होत नाहीये. ती निवडत राहिली.

२१ फेब्रु.
इंजिन तसंच जोडून ठेवलंय. उलव्याचा पाटील आला. जमीन सरकारात गेली, आलेल्या पैशावर जुन्या गाड्या घेतो-विकतो. बॉनेटला कान लावून म्हणाला, "आवाज झ्याक हाय, मिस्त्री. सुई नाय उठत येवढाच ना? मीटरची काच काढा, सुई वरती बसवा. तुमचा हात सुबक हाय, कुणाला कलायचा नाय."
गिऱ्हाईक मोरा बंदरावरचा मासळीवाला. माझ्या ओळखीचा नाही. रोज पहाटे मासळी भरून बाजारात येणार. शे-दोनशे कि.मी. जाईल, मग रस्त्यात कुठेतरी जाम होईल.
आहे तशी, सांगून विकली तर? विचारलं. पाटील हसला. "भंगाराचा भाव."
ही दारात उभी होती. भंगाराचा भाव ऐकून आत गेली.
मी नाही म्हणालो. सुई वर बसवून दिली तर रोख बावीस हजार देत होता.