बशीतला पारागोने

प्रिय एर्मेलिंदा मावशी,

तुमच्या थोरल्या बहिणीची सून व्हिसेन्ता हिचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जेनोव्हाच्या दमट हवेत तो धरतो, असं काही तुम्ही नाताळच्या कार्डावर लिहीत नाही (कार्डावर तुमच्या सहीखेरीज काहीच नसतं, आणि इथून जाणाऱ्या कार्डावरही सासूबाईंच्या सहीखेरीज काही नसतं), पण बोटीवरून येणारी माणसं सांगतात. इकडे सगळं ठीक. माझा नवरा मेंढ्यांच्या मागे आणि मेंढ्या गवताच्या मागे. सासूबाईंची प्रकृती उत्तम आहे असं त्या स्वतःच सांगतात, आणि या घरात तेवढा दाखला पुरतो.

यंदा मळणीच्या सणाला जे झालं ते तिऱ्हाइताकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहिते आहे. पण आधी पारागोनेबद्दल सांगायला हवं, कारण तुम्ही गेल्यापासून त्या शब्दाला पाय फुटले आहेत. तुमच्या वेळी तो फक्त बशीपुरता होता. सणाच्या सकाळी देवळामागच्या खोलीत बायका कुलुर्जोनी वळायला बसायच्या आणि मधोमध निळ्या बशीत एकच कुलुर्जोनी ठेवलेला असायचा: पारी पातळ, पोटात बटाटा, मेंढीचं चीज आणि पुदिना, वर गव्हाच्या ओंबीसारखी मुरड. तो पारागोने. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून वळायचं, त्याच्यासारखा झाला नाही तर मोडायचा, आणि त्याच्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. हे अजून तसंच आहे. पण शब्द मात्र बशीतून उतरून गावभर हिंडतो. पाद्रीबाबांचं ईस्टरचं प्रवचन म्हणजे कंटाळ्याचा पारागोने. बासिलियोचं गाढव म्हणजे आळसाचा पारागोने (खरा मान गाढवाचा की बासिलियोचा, याबद्दल गावात दोन मतं आहेत). पोरगी आरशासमोर रेंगाळली की आई म्हणते, "चल गं पारागोने, भांडी पडलीत." इग्नात्सियो मास्तर म्हणतात की हा मुळात सोनाराच्या कसोटीच्या दगडाचा शब्द, त्या दगडावर सोनं घासून बघतात, दगड स्वतः सोन्याचा नसतो. मास्तरांचं कोणी ऐकत नाही. मीही नुसतं ऐकून ठेवलं होतं.

तर बशीतला पारागोने तुम्ही गेल्यापासून दर साल सासूबाईच करतात. या वर्षी त्यांच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला आहे. तो वाकत नाही, आणि वाकला तर सरळ होत नाही. हे मला माहीत होतं, कारण हल्ली बरण्यांची झाकणं त्या माझ्यापुढे सरकवतात आणि खिडकीबाहेर बघतात. पण त्या दिवशी नेहमीच्या ऐटीत त्यांनी पारी घेतली, सारण भरलं, मुरड घातली आणि कुलुर्जोनी बशीत ठेवला.

मावशी, ती ओंबी गारपिटीत सापडलेली होती. एका बाजूला कललेली, मध्येच दोन दाणे गळालेले, आणि टोकाशी फट. दात नसलेला म्हातारा झोपेत हसावा तसं काहीतरी बशीतून आमच्याकडे बघत होतं.

समोरच्या लुइजेद्दाने बशीकडे पाहिलं, आपल्या हातातल्या सुरेख ओंबीकडे पाहिलं, आणि ती उलगडून पुन्हा वळायला घेतली. वाकडी. मग तिच्या शेजारणीने, मग सगळ्यांनीच. (वाकडं करणं सोपं असतं असं मला वाटायचं. तसं नाही. जन्मभर सरळ चाललेली बोटं वाकड्या वाटेला लागेनात. लुइजेद्दाला तर घाम फुटला.) एकट्या अन्निकाचं झकास जमत होतं. ही अन्निका म्हणजे जिला आजवर बटाटे सोलण्यापलीकडे कशाला हात लावू दिला नाही ती. तिचे सगळे पहिल्या झटक्यात बशीतल्यासारखे. बायका तिला विचारू लागल्या, "अगं, ती फट कशी सोडतेस?" ती म्हणाली, "मी कुठे सोडते, राहतेच ती."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. उकळत्या पाण्यात ते सगळे उघडले. पंगतीला बसलेल्या गावाला आणि खालच्या गावच्या पाहुण्यांना आम्ही पुदिन्याचं बटाटा-सूप वाढलं. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं, ही वेगळी शरम.

भांडी घासताना सगळ्यांनी मला घेरलं. "तोमासाबाईंना सांगायला हवं, बशी आता दुसरीकडे द्या म्हणून," लुइजेद्दा म्हणाली.

"मग सांग."

"मी? अगं, सून कोण त्यांची? सून असते कशासाठी?"

घरी गेले तर सासूबाई अंगणात बसलेल्या, अंगठा कोमट तेलात बुडवून. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "सूप बरं होतं."

मी म्हटलं, "हो."

"मी दिवसभर वाट पाहिली गं. कोणीतरी म्हणेल, तोमासा, हे वाकडं आहे. एकीनेही म्हटलं नाही. मला काय, मेल्यावर ठेवतात तसं बशीत ठेवलंय या बायकांनी." मग बराच वेळ तेलातलं बोट हलवत राहिल्या. "एर्मेलिंदा असती तर बोलली असती. तिने नव्हतं का सांगितलं, तुझी मुरड कंजुषाच्या थैलीसारखी आवळलेली आहे म्हणून? भर खोलीत. त्यावरून तर..." आणि तिथे थांबल्या.

मला मास्तरांचा दगड आठवला. इतकी वर्षं सगळ्यांनी स्वतःला सासूबाईंवर घासून पाहिलं. त्यांना कशावर घासायचं, हे कोणाच्या मनात आलं नाही.

बाकी क्षेम. गुडघ्याला जपा. उत्तराची घाई नाही.

तुमची,
व्हिसेन्ता

ता. क. घाई आहे. पितरांच्या दिवसासाठी नोव्हेंबरात पुन्हा कुलुर्जोनी होतील आणि बशी पुन्हा मांडली जाईल. सासूबाई हट्टाने बसतील आणि कोणी बोलणार नाही. तुम्ही या, आणि भर खोलीत म्हणा, वाकडं आहे. गावात ते म्हणण्याचा हक्क फक्त एकीलाच आहे आणि ती जेनोव्हात राहते.

ता. क. दुसरा. हे पत्र सासूबाईंनी वाचलं. "वाकडं" हा शब्द खोडायला सांगितला. ओंबीला वारा लागला की ती कलते, त्याला वाकडं म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी खोडलेला नाही. आणखी म्हणाल्या, "ती आली तर तोंडावर बोलेल हं, सांगून ठेवते." मी विचारलं, मग पत्र टाकू नको का? थोडा वेळ अंगठा चोळत बसल्या. मग म्हणाल्या, बंदरावरून वर येणारी बस आता सकाळी सुटते, दुपारी नाही, तेवढं तिला लिही.