साठीच्या आतली पोर

राधाकिशन,

तुला भाऊ म्हणू का चेअरमन? तुज्या सहीची नोटीस माज्या दारावर चिकटवलीय: "ही सोसायटी साठीपुढच्यांची. नातीला बाहेर काढा."

दुष्काळानं माजा लेक अन् सून ऊसतोडीला गेले. दीपालीची शाळा बुडू नये म्हणून तिला माज्याकडं ठेवलं. काल तुज्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं मी. तू म्हणालास, "आक्का, नियम म्हंजी नियम. पोरीचं लगीन लावून टाक, स्थळ मी बघतो."

तेरा वर्सांची हाय रे ती! माज्या घरात राहायला तिचं वय कमी पडतं, अन् नवऱ्याच्या घरात राहायला पुरतं व्हय?

हे पत्र धाडत न्हाई. संध्याकाळच्या मीटिंगीत समद्यांपुढं हेच विचारते.

कालपतुर तुजी आक्का,
केसरबाई