बेडकाच्या पोथीची दोन पानं

बाबा, तुझी चाल परत ऐकली. आवाज तुझा नव्हता, पण चाल तीच. ओळीतलं शेवटचं अक्षर लांबवायचं, तिथे जरा थांबायचं आणि मग उतारावर सायकल सोडावी तसं सोडून द्यायचं. इतक्या वर्षांनी, भर दुपारी, शाळेच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभी असताना ती माझ्या फोनमधून आली आणि हातातली पुस्तकं हातातच राहिली. ते तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले. चौलला सासरी आल्यावर मी थोरामोठ्यांना अहोजाहो करायला शिकले. चारचौघांत तुझा विषय निघाला की "आमचे बाबा असं म्हणायचे" असं बोलायची, आणि आई ते ऐकून गालातल्या गालात हसायची. पत्रात ते सोंग जमायचं नाही. तू माझा तूच.

तर झालं असं. आमच्या शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधतायत. मोठी मुलं देवळाच्या सभागृहात बसतात, पण बालवाडीची आणि पहिलीची बारकी पोरं एवढ्या पावसात तिथे कुठे कोंबणार, म्हणून पावसाळाभर त्यांची शाळा घरीच. ग्रंथालय माझ्याकडे असल्यामुळे पोरांना घरी वाचनात गुंतवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी तक्रार नाही केली, उलट हरखलेच. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीत एक पुस्तक आणि एक कार्ड. पुस्तकात दिसलेली एखादी वस्तू घरात शोधून काढा, गोष्टीतला प्राणी पिठाच्या गोळ्याचा करा, असलं काहीबाही त्या कार्डावर. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, "घरातल्या मोठ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावे." ते वाचन फोनवर बोलून सगळ्यांना पाठवायचं, म्हणजे एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरातल्या पोरालाही ऐकता येते. कार्डावरचं हे वाक्य मी डोकं खाजवून काढलेलं नाही, तुला ठाऊक आहे. ते आपल्या गावच्या शाळेतल्या बाईंचं आहे. मी जसंच्या तसं उचललं.

मी पहिलीत असताना श्रावणातल्या उधाणाला खारबांध फुटला आणि अख्ख्या खारपट्ट्यात खाडीचं पाणी शिरलं, तो पाऊस आठवतो ना? शाळेत घोटाभर खारं पाणी, फळ्याखाली खेकडे. बाईंनी पुस्तकांची पेटी टेबलावर चढवली, साडी खोचली आणि दारोदार एकेक पुस्तक वाटत निघाल्या. आपल्या घरी आली ती बेडकाची गोष्ट. सोबत चिठ्ठी, तेच वाक्य. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणजे वाचणारा तूच. आणि खरी गंमत इथेच होती, बाबा. तुला शाळेनं वाचायला शिकवलंच नव्हतं. मिठागरात कामाला जायच्या वयात तू देवळातल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून, पोथीवर बोट फिरवत वाचायला शिकलास. वाचणं म्हणजे पोथी, दुसरं वाचणं तुझ्या गावीही नव्हतं. तू चिठ्ठी दोनदा वाचलीस, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलंस आणि उठून पाय धुवायला गेलास.

मी अजून त्या ओटीवर आहे. तू ओल्या पायांनी येतोस, पाट मांडतोस, समई लावतोस. पुस्तकाला हळदकुंकू वाहतोस, सरकारी शाळेच्या पुस्तकाला, ज्याच्या मुखपृष्ठावर हिरवा बेडूक डोळे वटारून बसलाय. श्रीगणेशाय नमः म्हणतोस. आणि सुरू करतोस, "एका तळ्यात एक बेडूक राहत होताऽऽ, त्याची छत्री हरवलीऽऽ." देवळात एकजण पोथी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो, तशी इथे अर्थ सांगायला आई. ती चुलीपाशी भाकऱ्या थापत थापत म्हणते, "म्हंजे कं, त्याची छत्री कोनीतरी नेली." पुढची ओळ. "म्हंजे तो जल्ला पावसान ढुंडीत हिंडतंय." मग तिचा हात थांबतो. "पन मी म्हनते, बेडकाला छत्री कनाला?" तू मान वर न करता सांगतोस, "पोथीन इचारू नये."

अवेळी पोथीचा सूर ऐकून आळीतल्या म्हाताऱ्या गोळा झाल्या. मूठमूठ तांदूळ घेऊन आल्या, पुस्तकापुढे ठेवले आणि पदर सावरून बसल्या. त्यातल्या एकीनं बेडकाला हात जोडले ते मी या डोळ्यांनी बघितलंय. एक पान म्हणजे एक अध्याय, आणि एका दिवसाला दोनच अध्याय. मी पुढचं चित्र बघायला हळूच शेवटचं पान उघडलं तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. तुझी तेवढी एकच चापट मला आठवते. "पोथी मागून उघरायची न्हाय. आन समाप्ती झाल्याबिगर पाट उचलायचा न्हाय." म्हणून तो पाट आठवडाभर ओटीवर तसाच. येणारा जाणारा त्याला वळसा घालून जायचा. शेवटच्या पानावर बेडकाला छत्री सापडते, पण तिच्याखाली मुंग्यांचं बिऱ्हाड बसलेलं असतं, म्हणून तो ती तिथेच ठेवतो आणि भिजत भिजत घरी जातो. आई म्हणाली, "बघ, मी बोल्ली व्हती, त्याला कनाला पायजे!" गोष्ट तिथे संपते, पण पोथी फलश्रुतीशिवाय संपत नाही, म्हणून ती तू पदरची जोडलीस. जो हे पुस्तक मनोभावे ऐकेल त्याची छत्री कधी हरवणार नाही. मग शिरा वाटला.

बाई पुस्तक परत न्यायला आल्या तेव्हा मुखपृष्ठावर कुंकवाचा लाल डाग. दुसऱ्या घरांतली पुस्तकं सुकटीचा वास घेऊन परत आली होती, कुणाची पानं गेली होती, पण देव होऊन आलेलं आपलंच. आईनं पदरानं डाग पुसायला घेतला तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. या पुस्तकाचा एवढा मान कुणी ठेवला नाही." शाळा भरल्यावर मी धडा तुझ्या चालीत वाचला आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं, पण हसू काही विसरत नाही माणूस. हळूहळू मी बाकीच्यांसारखं सपाट वाचायला लागले. तू मात्र पुढच्या श्रावणात बाईंकडे जाऊन तेच पुस्तक मागितलंस. त्यांनी दुसरं चांगलं पुढे केलं तर म्हणालास, "पोथी दरसाली तीच वाचतात, बाई." त्यानंतर दर श्रावणात बेडूक आपल्या घरी. मी मोठी झाले, मला लाज वाटायला लागली, तरी मागच्या दाराशी बसून मी ऐकायचेच.

मी सातवीत होते. समाप्तीचा दिवस. पुढच्या पानावर बोट ठेवून तू श्वास घेतलास आणि बाहेरून हाका आल्या, बांधाला खांड पडली म्हणून. खारं पाणी शिरलं की शेतं दोनतीन वर्षं गेलीच, मग कोण घरात थांबतो? तू देवापुढचं तुळशीचं पान उचलून पुस्तकात ठेवलंस. "आलूच," म्हणालास. गवत आणि चिखल टाकत सगळी माणसं दिवसभर गळ्याइतक्या पाण्यात उभी होती. खांड बुजली. तू परत आलास तो कुडकुडत. ताप चढला, पेणला नेलं, आणि ताप काही उतरला नाही. आईनं पाटाला हात लावला नाही. तेराव्याला माणसं जमली तेव्हा कुणीतरी जागा करायला म्हणून तो उचलून भिंतीला लावला. तुझ्या जाण्यातली बाकी सगळी दुःखं मी कशीबशी गिळली, बाबा, पण तो उचललेला पाट अजून घशात अडकतो. शाळेचं पुस्तक परत करायला आई गेली तर बाईंनी ते घेतलं नाही. "ते आता तुमच्या घरचंच," म्हणाल्या. आईनं लाल कापडात बांधून तुझ्या पोथ्यांत ठेवलं, आणि ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं.

गेल्या आठवड्यात पिशव्यांमधल्या वाचनांचे आवाज फोनवर यायला लागले. आया घाईघाईनं वाचतात, मागे कुकरची शिट्टी. बाप लोक बातम्या दिल्यासारखे. आणि मध्येच एका म्हाताऱ्या आवाजात, "ससा टुणकन उडी मारीऽऽ, गाजर घेऊनि येईऽऽ." माझ्या शेजारची नवी शिक्षिका पोट धरून हसली. "मॅडम, हे काय कीर्तन? आजोबांना सांगा ना परत नीट वाचून पाठवा." मी तिला म्हटलं, यापेक्षा नीट मी आयुष्यात ऐकलेलं नाही. माझा चेहरा बघून पोरगी गडबडली. चूक तिची नाही, तिला कसं कळावं? मी बाहेर जाऊन तो ससा पुन्हा पुन्हा ऐकला. तुझा आवाज कुठेच साठवलेला नाही. तेव्हा कोण साठवत होतं? चाल डोक्यात आहे असं मी इतकी वर्षं समजत होते, पण म्हणून बघितली की पहिल्या ओळीलाच निसटायची.

काल मी त्या आजोबांच्या घरी गेले. ते आपल्याच खारपट्ट्यातले निघाले, म्हातारपणी लेकीकडे राहायला आलेत. लाल कापड सोडून मी बेडूक त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, एवढं वाचून दाखवाल? त्यांनी कुंकवाचा डाग बघितला. काही न विचारता उठले आणि न्हाणीत पाय धुवायला गेले. बाबा, त्या पाण्याच्या आवाजालाच मला रडू फुटलं. पाट मांडला. नात मांडीला मांडी लावून शेजारी बसली. "एका तळ्यात एक बेडूक राहत होताऽऽ." मी डोळे मिटले. थोड्या वेळानं नात म्हणाली, "पण बेडकाला छत्री कशाला?" आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "पोथीत विचारू नये." आजोबा गालात हसले. पुढच्या प्रत्येक ओळीचा अर्थ मीच सांगितला, आईच्या शब्दांत. मला हे सगळं येत होतं, आणि मला ते येतं हे मलाच माहीत नव्हतं.

मग ते तुळशीचं पान आलं. पार काळं पडलंय, कागदाला चिकटलंय. आजोबांनी बोट थांबवलं. "हितं कोनी थांबलं व्हतं कं?" मी म्हटलं, माझे बाबा. ते मायेनं म्हणाले, "मंग पुरी करू, बाय. दोनच पानं हायत. पोथी अर्दी ठेवू नये." याच्यासाठीच तर मी पुस्तक काखोटीला मारून तिथवर गेले होते. तुझी राहिलेली दोन पानं तुझ्या चालीत वाचून व्हावीत, तुला मोकळं करावं, असं ठरवूनच घरातून निघाले होते. त्यांनी श्वास घेतला, अगदी तुझ्यासारखा, आणि मी पुढे होऊन पुस्तक मिटलं. म्हटलं, आजोबा, आज राहू द्या, पाऊस यायच्या आत घर गाठायला हवं. ते नाराज झाले, पण जाऊ दिलं.

आता लाल कापड मांडीवर आहे. हे पत्र मी त्या तुळशीच्या पानापाशी ठेवून कापड पुन्हा बांधणार आहे, ते तिथून कुठे जायचं नाही. समाप्ती झाली की पाट उचलतात, बाबा. एकदा मला न विचारता उचलला, आता माझ्या हातानं मी उचलणार नाही. दोन पानं राहिली आहेत तोवर तू नुसता बांधावर गेला आहेस, आलूच म्हणून.

आणि काल पाऊस नव्हता. आजोबांच्या अंगणात लख्ख ऊन पडलं होतं.