मोटारीची खोली

५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या वहिनीच्या बाइंडिंगच्या गाळ्याचा मालक जागा परत मागतो आहे. महिनाअखेरची मुदत. तिचं कटिंग मशीन म्हणजे लोखंडाचा हत्ती, जिना चढणार नाही. आमच्याकडे तळमजल्यावर खोली एकच, आणि तीत मोटार विराजमान. तेव्हा एकतर मोटार जाईल, नाहीतर मशीन विकून ही दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागेल. हे ती हसत सांगते, म्हणून मला जास्त लागतं.

तिने विचारलं, आपली मोटार जाते तरी कुठे? शाळा, भाजी आणि न्हावी. एवढ्यासाठी पेट्रोल, विमा आणि मेकॅनिक पोसायचा. मी प्रतिवाद शोधला. संस्कृतातही सापडला नाही. सबब विजेवरची सायकल घेतली आहे. पंधरा-वीस दिवस तिच्यावर निभावलं तर मोटार विकायची, असा तह झाला.

मेहुणेबुवांना नमस्कार. लोभ आहेच, सध्या तो पाठीमागून थोडा ढकलता आला तर पाहा.

तुझा दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र दवाखान्यात वाचलं. पेशंटच्या गुडघ्यावर हात ठेवून हसत सुटले. बिचाऱ्याला वाटलं, गुडघ्यातच काही विनोदी सापडलं. हेल्मेट घाल, सीट उंच कर, आणि वर्गात शिकवतोस तसं रस्त्यात मध्येच थांबून स्पष्टीकरण देत बसू नकोस.

वहिनीला सांग, मी तिच्या बाजूची. तुझ्या बाजूला तू एकटा भरपूर आहेस. ह्यांनी विचारलंय, मोटार विकलीत तर तिच्यातली उशी आम्हाला मिळेल का.

माया आहे तशी राहू दे, रागवायचं ते भेटीत रागाव.

तुझी ठकू

१८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. वि. वि.

मी हरलो. शाळेचा चढ म्हणजे तपश्चर्या आहे, आणि फळ म्हणून पोटऱ्यांत गोळे. काल चित्रकलेचे सर पायी जाताना मला मागे टाकून गेले. जाताना आपुलकीने विचारलं, पंक्चर आहे का. वर्गात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं मी फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. मुलांना वाटतं, चिंतन चाललंय.

वापरण्यात माझी काही कसूर नाही, हे तुला सांगतो. सोबतची पुस्तिका दोनदा वाचली. सायकलच्या मोटरचा आकडा शून्यावर ठेवला आहे, ती अडीअडचणीला. त्यामुळे बॅटरी दुकानातून आणली तशीच भरलेली, चार्जर अजून खोक्यात. इतकं जपूनही हा छळ. विजेची सायकल ही कविकल्पना आहे.

रविवारी एक गृहस्थ मशीन बघायला येणार आहेत. ही कालपासून ते तेल लावून पुसते आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

लोभ असू द्यावा, मला त्याची या आठवड्यात गरज आहे.

तुझा दादा

२१ फेब्रुवारी, घाईत

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण फोनवर तू वाद घालतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

अरे पंडिता, मोटर चालू कर. ती सायकल पंचवीस किलोची आहे आणि तू ती नुसत्या पायांनी डोंगरावर नेतोस. गोळे येणार नाहीत तर काय येईल? बाबा नवा रेनकोट भिजू नये म्हणून घडी करून काखेत धरायचे आणि भिजत यायचे. मला वाटलं होतं, ही परंपरा त्यांच्याबरोबर संपली.

आकडा तीनवर ठेव आणि चढ चढ. रविवारच्या आत. वहिनीला यातलं काही सांगू नकोस, ते सुख मला हवंय.

रागावलास तरी चालेल, पण आधी बटण दाब.

ठकू

२८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ. वि. वि.

शनिवारी सकाळी आकडा तीनवर ठेवला आणि पहिलं पायडल मारताच मागे वळून पाहिलं, कोण ढकलतंय म्हणून. कोणी नव्हतं. चित्रकलेच्या सरांना चढाच्या मध्यावर गाठलं, सौजन्याने घंटी वाजवली. शाळेत पोचलो तेव्हा शिपाई अजून फाटक उघडत होता. मग मी परत खाली गेलो आणि पुन्हा वर आलो. निष्कारण.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तुझं सुख मी आधी लाटलं, क्षमस्व. ती इतकी हसली की तेलाची बाटली लवंडली. रविवारी ते गृहस्थ आले. हिने मशीन विकायचं नाही म्हणून सांगितलं, चहा दिला आणि खालच्या खोलीचं दार उघडून मोटार दाखवली. ते मशीन घ्यायला आले होते, मोटार घेऊन गेले. उशीसकट; मेहुणेबुवांची माफी मागतो.

परवा सहा जणांनी मशीन आत सरकवलं. त्यामागून कागदाचे गठ्ठे आणि खळीचे डबे आले, आणि खोली भरली. सायकल बाहेर ठेवायची नाही, असा हिचा हुकूम. ती बैठकीत, माझ्या खुर्चीच्या जागी उभी आहे. खुर्ची खाली हिच्याकडे गेली, बाइंडिंगला येणाऱ्या लोकांसाठी.

त्यामुळे हे पत्र उभ्याने लिहितो आहे. खालून मशीनचं पातं पडल्याचा आवाज येतो, मग जरा वेळाने हिचं गुणगुणणं. बसायची फारशी इच्छाही नाही.

कृपालोभ आहे तो चढता राहावा.

तुझा दादा