शमीचं विमान गवतात गेलं

रविवार, दिवेलागण

शमी आत झोपलीय. मनगट मुरगळलंय, बाकी काही नाही, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. तरी मी तिसऱ्यांदा आत डोकावून आले.

वैमानिक व्हायला शिकतेय पोर. आज पहिल्यांदाच आपल्या जिल्ह्यात विमान उतरवणार, म्हणून मी आणि हे आमच्या कट्टा गावाहून मुद्दाम गेलो, विमानतळाच्या कुंपणापाशी उभे राहिलो. वारा असा की पदर आवरेना. ते चिमुकलं विमान खाली आलं तेच तिरकं. एक चाक टेकलं, आणि मग तो पंख. पंख जमिनीला घासला, विमान गर्रकन फिरलं आणि गवतात जाऊन थांबलं. डोळे मिटले की पंखच दिसतो. मी ओरडले का? आठवत नाही. हे म्हणतात, मी कुंपणावर चढत होते.

शमी आणि तिचे शिक्षक आपल्या पायांनी बाहेर आले. "आये, माका काय जावक नाय गो," म्हणाली. काही झालं नाही म्हणे, आणि हसतसुद्धा होती.

पण घरी आल्यावर हळूच म्हणाली, "सर म्हणतत, लगेच परत उडूक होया. जाव मा, आये?"

या शिक्षणाला जाताना तिने मला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. आज विचारतेय, परत उडायला जाऊ ना म्हणून. म्हणजे तीही घाबरलीय.

"जाव नको" अगदी ओठांवर आलं होतं. "जा," म्हटलं. तेव्हा कुठे ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

का म्हटलं मी? मला तिला पाठवायचं नाहीये.