दर पाच मिनिटांनी

बुधवार, १५ एप्रिल १९९८

लेकीचं, मेरिनचं, उत्तर नाही. मागच्या गुरुवारी तिला ई-मेल लिहिला. पाच ओळींना दोन तास लागले – ‘तेव्हा बोलले ते चुकलं. तीन मेला, बाबांच्या वाढदिवशी, त्यांची राख समुद्रात सोडायची आहे. तू ये.’ नोव्हेंबरपासून आमचं बोलणं नाही. तिच्या बाबांच्या, ऑब्रेच्या, अंत्यविधीला मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, जिवंत होता तेव्हा यायचं सुचलं नाही. ती त्याच दुपारच्या विमानाने बेटावरून गेली. तिचा फोन नंबर माझ्याकडे नाही. असता तरी हे तोंडाने सांगणं मला जमलं नसतं.

ऑब्रेचं यंत्र, त्याचा कॉम्प्युटर, मागच्या खोलीत त्याने ठेवलं तसंच आहे. पत्रं मेलबर्नच्या सर्व्हरवर येऊन पडतात. ती आणायची तर दोन ओळी टाइप करायच्या, मग यंत्र घरच्या फोनवरून तिकडे फोन लावतं, शिट्ट्या मारतं, पत्रं घेऊन येतं. तो सकाळ-संध्याकाळ आणायचा. मी आज अकरा वेळा आणली. एक बियाणांची जाहिरात.

शुक्रवार, १७

यंत्राच्या युनिक्स प्रणालीची ऑब्रेची पुस्तिका काढली. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटली, पण शब्दकोश जवळ असला की मी काहीही वाचते. ठरलेल्या वेळी यंत्राने आपणहून पत्रं आणावीत, असा एक धडा आहे.

नवल वाटलं. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उजाडताच आपोआप उघडेल अशी सोय या माणसाने केली होती. पाण्याचा पंप आपोआप बंद व्हायचा. आणि पत्रं मात्र हाताने! धड्याच्या कडेला त्याची पेन्सिल – ‘जमतं. नको.’ बहुधा जमलं नसावं. पुरुष असंच लिहितात.

सोमवार, २०

एका ओळीत पाच जागा. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. चांदणी काढली की ‘प्रत्येक’. मला रोज सकाळी सहाला हवं होतं, म्हणून तासाच्या जागी सहा लिहून बाकी सगळीकडे चांदण्या काढल्या.

यंत्र सहा ते सात दर मिनिटाला पत्रं आणायला धावलं! मिनिटाच्या जागी शून्य हवं होतं. वर प्रत्येक खेपेला त्याने मला आपलं स्वतःचं पत्र टाकलं. साठ पत्रं, मजकूर एकच – ‘तुमच्यासाठी पत्र नाही.’

खूप दिवसांनी हसले. मग सांगायला कोणी नाही हे लक्षात आलं.

मंगळवार, २१

शेजारची डल्सी पीठ-साखर न्यायला पक्ष्यांच्या बेटावरून आली होती. मटनबर्ड या तेलकट समुद्रपक्ष्यांच्या शिकारीच्या हंगामात अर्धी वस्ती तिकडेच असते. दोन पक्षी दिले मला. अंगाला तेलाचा वास, तोंड चालू.

“पुस्तक वाचून यंत्र चालवतेस विनी? माझं तर टोस्टरही ऐकत नाही.”

“टोस्टरला नवऱ्यासारखं ओरडून सांगत असशील.”

“नवराही ऐकत नाही गं.” मग हळूच – “मेरिनचं काही?”

नाही म्हणाले. तीन मेला राख सोडायला डल्सीचीच बोट न्यायची आहे. त्याआधी एक तारखेला परत येते म्हणाली.

बुधवार, २२

आता दर तासाला. काहीच नाही.

मेरिन कधी कुठून फोन करेल याचा नेम नसायचा. पेट्रोल पंपावरून, गोदीतून, कुठूनही. ऑब्रे साबणाच्या हातांनी धावत यायचा. रिसीव्हरला अजून पांढरे डाग आहेत. पुसले नाहीत.

शुक्रवार, २४

तास फार मोठा असतो. दर पाच मिनिटांनी केलं. एकदा जोडलेला फोन यंत्र काम संपल्यावरही पाच मिनिटं सोडत नाही, असं ऑब्रेने करून ठेवलंय. म्हणजे आता सारखं लावायलाही नको, जोडलेलंच राहतं. शिट्ट्याही थांबल्या. स्वतःची पाठ थोपटली. ऑब्रे, बघ, जमलं.

रविवार, २६

नाही.

सोमवार, २७

शिवण काढलं, ठेवलं. बटाटे सोलले, खाल्ले नाहीत. पाच मिनिटांत मागच्या खोलीपर्यंत दोनदा जाऊन येता येतं.

गुरुवार, ३०

उत्तर येणार नाही. तिच्या जागी मीही क्षमा केली नसती. रविवारी एकटीच जाईन. राखेचा डबा पुसून दाराजवळ ठेवला.

शुक्रवार, १ मे

डल्सी बूट न काढताच आत आली. “बोलतेस तरी कोणाशी तू? मेरिन शनिवारपासून फोन करतेय. देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, ब्रूमहून, बसने निघाली, प्रत्येक थांब्यावरून लावला. सारखा एंगेज! आत्ता मेलबर्नहून माझ्याकडे केला – ‘आईने रिसीव्हर काढून ठेवलाय, मी इथूनच परत फिरते.’ मी म्हटलं, ये गं. तर म्हणे, आई स्वतः म्हणाली तरच. चारला शेवटचा लावणार आहे.”

जमतं. नको.

दर पाच मिनिटांची ओळ पुसली. यंत्र बंद केलं. चारला दहा कमी. रिसीव्हर उचलून पाहिला, मोकळ्या लाइनचा सूर येतोय. पटकन ठेवला.